घोडा आहे, गोष्ट नाही

आमची भाची इंग्लंडमध्ये स्विंडनला असते. मध्यंतरी तिनं एक फोटो पाठवला. हिरव्या गवतानं झाकलेली एक गोल टेकडी, माथा सपाट, जणू कुणी मोठ्या बादलीनं माती उपडी केली आहे. खाली एकच ओळ : "मामा, ओळखा पाहू." मी लिहिलं, "बैलपोळ्याला करतात तसा मातीचा डोंगर दिसतोय." ती म्हणाली, तुम्ही चेष्टेत म्हणालात, पण ते खरंच आहे. ही टेकडी नव्हेच. माणसांनी हातानं रचलेली आहे.

सिल्बरी हिल असं तिचं नाव. उंची सुमारे ४० मीटर, म्हणजे आपली बारा-तेरा मजली इमारत. इसवी सनापूर्वी २४०० च्या आसपास, हरणाच्या शिंगांच्या कुदळींनी खडू खणून, टोपल्यांनी वाहून रचलेली. का रचली ते आजवर कुणाला कळलेलं नाही. लोकांना वाटलं, आत कुणीतरी मोठा माणूस पुरलेला असणार. म्हणून १७७६ साली खाणकामगार लावून वरून थेट खाली विहिरीसारखा खड्डा पाडला. काही मिळालं नाही. १८४९ साली बाजूनं बोगदा खणला. काही नाही. १९६८ ते ७० या काळात अॅटकिन्सन नावाच्या पुरातत्त्वज्ञांनी पुन्हा बोगदा खणला, त्याचं बीबीसीवर प्रक्षेपण झालं, अर्धं इंग्लंड डोळे लावून बसलं. मिळालं काय, तर जुनी गवताची ढेपळं आणि पंखवाल्या मुंग्या! मुंग्यांना पंख ज्या दिवसांत फुटतात त्यावरून कामाला उन्हाळ्याच्या शेवटी सुरुवात झाली असावी, असा अंदाज त्यांनी बांधला. कुणी पुरलेलं मात्र नाहीच. उलट या जुन्या खोदकामांमुळे २००० साली टेकडीच्या माथ्याला भगदाड पडलं आणि पुढे २००७-०८ मध्ये सगळी पोकळी पुन्हा भरून काढावी लागली.

पण आसपासच्या लोकांकडे गोष्ट आहे. म्हणे सिल नावाचा राजा तिथे पुरलेला आहे, घोड्यावर बसलेला, अंगावर सोन्याचं चिलखत. भाचीच्या सात वर्षांच्या मुलानं ती ऐकली आणि तेव्हापासून त्याचा एकच प्रश्न, "मग घोडा कुठे गेला?" आणि भाचीचा मला प्रश्न, "मामा, आपल्याकडे असं काही आहे का?"

आता वाशीमकडच्या माणसाला कुणी मातीच्या उंचवट्याबद्दल विचारलं, तर त्याच्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा गढी येते. आमच्याही गावात होती. अर्धी ढासळलेली, वर निवडुंग आणि सीताफळीची झाडं. गावातल्या प्रत्येकानं आयुष्यात कधी ना कधी तिथून माती आणलेली. नात्यातल्या मंडळींना सांगायला नकोच, आपल्या जुन्या घराच्या भिंती आणि धाब्यावरची पांढरी माती तिथलीच. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : आपल्याकडे शेताची ती काळी आणि गावठाणाची ती पांढरी. शेकडो वर्षं माणसं राहिली, चुली पेटल्या, शेण-राख पडली, मातीची घरं पडली आणि त्यावर पुन्हा घरं उठली, की ती जागा पांढुरकी होते आणि चढत जाते. लहानपणी आमच्या भिंतीतून खापराचे तुकडे, काचेच्या बांगड्यांचे तुकडे डोकं काढायचे. आई म्हणायची, हात लावू नका, कापेल. आम्ही ते उकरून भातुकलीत घ्यायचो.

या गढ्यांपैकी काहींच्या पोटात फार जुनं काही असतं. अमरावती जिल्ह्यात चांदूर बाजार तालुक्यात तुळजापूर गढी आहे. तिथे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागानं १९८४-८५ मध्ये उत्खनन केलं, तेव्हा खाली ताम्रपाषाण युगातली वस्ती निघाली, म्हणजे तीन हजार वर्षांपूर्वीची आणि त्याहूनही मागची. पण भाचीचं म्हणणं असं, की हे आपोआप वाढत गेलेलं झालं. मुद्दाम रचलेलं, आणि का रचलं ते न कळणारं, असं सांगा.

मुद्दाम रचलेलं! मग मला जुनापाणी आठवलं. ते आमच्या जिल्ह्यात नाही, विदर्भाच्या पूर्वेकडे, नागपूरजवळ. कॉलेजात असताना एका मित्रानं दाखवायला नेलं होतं. त्या वयात मला दगडांपेक्षा काटोल रोडवरच्या संत्र्यांत जास्त रस होता. त्यामुळे यावेळी ठरवून गेलो. नागपूरला चुलतभाऊ असतो, त्याला आदल्या दिवशी फोन केला. "दगड पाहायला येतोस?" असं त्यानं तीनदा विचारून घेतलं.

मालेगावहून समृद्धी महामार्गाला लागलो. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाल्यापासून आम्हाला नागपूर एकदम जवळ आलं. पण या रस्त्यानं जाताना दरवेळी माझं लक्ष रस्त्याखालच्या भरावाकडे जातं. शेतांच्या वर दोन-दोन पुरुष उंच मुरूम आणि माती, मैलोनमैल. ७०१ किलोमीटर. हे सगळं कुठून खणलं असेल? आणखी चार हजार वर्षांनी कुणी खणून पाहील आणि म्हणेल, एवढं मातीकाम केलं, आत तर कुणीच पुरलेलं नाही. असो.

जुनापाणी नागपूरच्या वायव्येला, काटोल रोडनं गोरेवाड्याच्या पुढे, शहरापासून दहा-बारा किलोमीटरवर. पहिल्यांदा पाहणाऱ्याची निराशा होण्याची शक्यता दाट. सिल्बरीसारखं दुरून दिसेल असं काही नाही. माळ आहे, पळस आहेत, गवत आहे. आपण चालत राहतो आणि मग लक्षात येतं, की समोरचे काळे दगड नुसते पडलेले नाहीत. ते एका रेषेत आहेत. रेषा वळते. आणि आपण एका भल्यामोठ्या गोलाच्या काठावर उभे असतो. मधली जमीन किंचित फुगलेली, ताटावर झाकण ठेवल्यासारखी. एकदा नजर बसली की मग सगळीकडे तेच. हा एक, तो दुसरा, पलीकडे आणखी चार. जुनापाणीच्या परिसरात अशी सुमारे तीनशे वर्तुळं आहेत. काही छोटी, अंगणाएवढी. काही एवढी मोठी की आत आमचं जुनं घर वाड्यासकट बसेल.

आम्ही वाकून दगड बघत होतो तेव्हा एक गुराखी आला. "काय पाहून राहिले जी? गुप्तधन?" मी म्हटलं नाही हो, नुसतं बघतोय. त्याचा विश्वास बसला नाही. "सगळे असंच म्हनते." मग मी त्याला विचारलं, हे कुणी केलं? तो म्हणाला, "गवळ्याइचं आहे म्हनते. लई जुन्या काळचं."

विदर्भात हे उत्तर कुठेही मिळतं. आपल्याकडे जुनं दिसलं की गोष्टी तयार असतात. देऊळ असेल तर हेमाडपंती, एका रात्रीत बांधलेलं. लेणं असेल तर पांडवांचं. किल्ला असेल तर गवळी राजाचा. गाविलगड घ्या, नरनाळा घ्या, मूळ मालक गवळीच. तेव्हा या दगडांनाही तोच मालक मिळाला. मात्र त्या गवळ्याचं नाव काय, त्यानं हे का केलं, यातलं पुढे काही नाही. सिल राजाला निदान सोन्याचं चिलखत तरी आहे!

या वर्तुळांची चौकशी पहिल्यांदा ज्यांनी केली त्यांची गोष्ट मात्र आहे, आणि ती चटका लावणारी आहे. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटलंडचा मिशनरी १८४० च्या दशकात नागपूरला आला. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्याच्याच नावाचं. पेशानं धर्मोपदेशक, पण जीव दगडांत. विदर्भातले जीवाश्म, खडकांचे थर, कोळसा यांवर त्यानं केलेलं काम आजही भूगर्भशास्त्राच्या अभ्यासात येतं. एका हिरव्या खनिजाला 'हिस्लोपाइट' म्हणतात. त्यानं गोंड आणि इतर आदिवासींच्या भाषा, गाणी यांची टिपणं काढली. सप्टेंबर १८६३ मध्ये तो, मध्य प्रांताचे प्रमुख रिचर्ड टेंपल यांच्याबरोबर नागपूरच्या दक्षिणेला टाकळघाटला गेला, तिथली शिळावर्तुळं पाहायला. परतीच्या वाटेवर बोरीची शाळा तपासायची म्हणून तो मागे थांबला. बोरी म्हणजे आजचं बुटीबोरी, जिथे एमआयडीसी आहे. निघायला रात्र झाली. पावसाळ्याचे दिवस, नाल्याला पूर. छावणीत त्याचा घोडा आला, स्वार आला नाही. शोधायला माणसं गेली तेव्हा नाल्यात त्याचं प्रेत मिळालं. ४ सप्टेंबर १८६३. वय पंचेचाळीस. टेंपल यांनी त्याची टिपणं पुढे १८६६ साली छापली, नाहीतर तीही गेली असती.

त्याच्यानंतर कामठीच्या छावणीतला मेजर पिअर्स. त्यानं कामठीजवळ वारेगावचं एक मोठं वर्तुळ खणलं आणि १८६९ साली त्यावर लेख लिहिला. त्या लेखाच्या मथळ्यात त्यानं या वर्तुळासाठी जो शब्द वापरला, तोच शब्द इंग्लंडच्या शेतांमधल्या पुरातन थडग्यांच्या उंचवट्यांसाठी वापरतात. म्हणजे त्याला विदर्भाच्या मुरमात आपल्या गावाकडचंच काहीतरी दिसत होतं.

आणि मग रिव्हेट-कार्नॅक. हा माणूस आम्हा वऱ्हाडी लोकांना थोडा जवळचा, किंवा थोडा त्रासाचा म्हणा. हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडचा कॉटन कमिशनर. अमेरिकेतल्या यादवी युद्धात (१८६१-६५) तिकडचा कापूस बंद झाला तेव्हा लँकेशायरच्या गिरण्यांची नजर आमच्या काळ्या मातीवर पडली, आणि इथला कापूस चांगला कसा पिकेल, लवकर बंदरावर कसा जाईल हे पाहायला जो खास अधिकारी नेमला तो हा. वऱ्हाडचा कापूस मोजता मोजता त्याला या दगडांचा नाद लागला. त्यानं जुनापाणीला वर्तुळं खणली, लोखंडाची हत्यारं काढली. आणि दगडांवर त्याला एक गोष्ट दिसली. छोटे, वाटीसारखे कोरलेले खळगे. काही एका ओळीत, काही दोन ओळींत, काही फुलीसारखे.

हे खळगे मी यावेळी बोट घालून पाहिले. अंगठा बरोबर बसतो. आतून गुळगुळीत आहेत, कुणीतरी बराच वेळ घासत बसल्याशिवाय तसे होणार नाहीत. भाऊ म्हणाला, "पाऊस पडून झाले असतील." पण पाऊस ओळीत पडत नाही.

रिव्हेट-कार्नॅकनं नेमकं हेच धरलं. इंग्लंड-स्कॉटलंडच्या पुरातन दगडांवरही असेच खळगे आहेत आणि तिथेही मातीच्या उंचवट्याभोवती असेच दगडांचे गोल आहेत. १८७९ साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या जर्नलमध्ये त्यानं मध्य हिंदुस्थानातल्या या अवशेषांबद्दल लिहिलं, त्यात हे साम्य त्यानं मोठ्या उत्साहानं मांडलं. त्या काळच्या साहेबांची कल्पना अशी, की मध्य आशियातून घोड्यांवरून निघालेला कुणी एक लोकसमूह इकडे हिंदुस्थानात आला आणि तिकडे युरोपात गेला, दोन्हीकडे एकाच पद्धतीनं मेलेल्यांना पुरत गेला. वाचायला छान वाटतं. पण काळ जुळत नाही. इंग्लंडचे दगडांचे गोल आणि सिल्बरीसारखे ढीग इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या-दुसऱ्या सहस्रकातले. आपली विदर्भातली वर्तुळं लोहयुगातली, ढोबळमानानं इसवी सनापूर्वी १००० ते ३०० या दरम्यानची. सिल्बरी रचली गेली तेव्हा जुनापाणीचा पहिला दगड हलायला हजाराहून अधिक वर्षं बाकी होती. दगडाला गोल मांडण्यासाठी आणि त्यावर खळगा करण्यासाठी एकमेकांना भेटलेलं असावं लागत नाही, एवढंच त्यातून निघतं.

स्वातंत्र्यानंतर शास्त्रशुद्ध खोदकाम सुरू झालं. १९६१-६२ मध्ये बी. के. थापर यांनी जुनापाणीची तीन वर्तुळं खणली. पुढे नागपूर विद्यापीठात शां. भा. देव आले आणि त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी टाकळघाट-खापा, माहूरझरी, नायकुंड अशी एकेक जागा उघडली. हिस्लॉप ज्या टाकळघाटला जाऊन परतला नाही, तिथे शंभर वर्षांनी देवांची माणसं १९६०च्या दशकाअखेर खणत होती. नायकुंडच्या कामात (१९७८-८०) अ. प्र. जामखेडकर त्यांच्याबरोबर होते.

तर आत काय निघतं? सिल्बरीसारखं रिकामं नाही. आधी थोडी जागा खणून किंवा साफ करून मेलेल्या माणसाला, किंवा पुष्कळदा त्याच्या हाडांना, तिथे ठेवत. शेजारी काळी-तांबडी मातीची भांडी. लोखंडाच्या कुऱ्हाडी, छिन्न्या, भाले, सुऱ्या. तांब्याची मूठ असलेला लोखंडी खंजीर. तांब्याची झाकणं, त्यावर तांब्याचाच छोटा पक्षी बसवलेला. अकिकाचे मणी, थोडं सोनं. मग हे सगळं काळ्या चिकणमातीनं आणि गोटे-मुरमानं झाकून टाकायचं आणि भोवती दगडांचं कडं उभं करायचं. एकेक दगड हलवायला पाच-सहा माणसं तरी लागली असतील, मोठ्यांना त्याहून जास्त. म्हणजे हे एका घराचं काम नव्हे. गाव जमल्याशिवाय हे होत नाही.

आणि आत घोडे निघतात.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा थबकलो होतो. घोड्याची हाडं, तोंडातला लगामाचा लोखंडी तुकडा, आणि घोड्याच्या डोक्याचे दागिने. तांब्याच्या पातळ पत्र्याचे, चामड्यावर शिवून बसवता येतील असे. पोळ्याला आपण बैलाला बाशिंग बांधतो ना, तसं काहीतरी डोळ्यांपुढे आणा. माहूरझरीच्या घोड्यांच्या हाडांवर कापल्याच्या खुणा अभ्यासकांना दिसल्या, म्हणजे मालकाच्या मागे त्याला मारून पुरलेलं. जुनापाणीच्या तीनपैकी एका वर्तुळातही घोड्याच्या जातीच्या जनावराचा सांगाडा निघाला.

मी भाचीला लिहिलं, "नातवाला सांग, घोडा इकडे आहे."

गंमत बघा. तिकडे गोष्ट आहे, राजाचं नाव आहे, चिलखत आहे, आणि तीन वेळा खणून घोडा नाही. इकडे घोडा आहे, त्याचा लगाम आहे, कपाळावरचा दागिनासुद्धा आहे, आणि गोष्ट नाही. त्याच्या मालकाचं नाव आपल्याला कधीच कळणार नाही. ही माणसं लिहीत नव्हती.

लिहिण्यानं काय होतं हे वाशीमकरांना वेगळं सांगायला नको. १९३९ साली वाशीमला एक ताम्रपट मिळाला. वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा, वत्सगुल्माहून, म्हणजे वाशीमहूनच दिलेला, आपल्या कारकिर्दीच्या ३७ व्या वर्षी. त्या काही पत्र्यांवरून वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेचा धागा इतिहासाच्या हाती लागला. महामहोपाध्याय मिराशींनी तो वाचून मांडला. राजाचं नाव, बापाचं नाव, आजाचं नाव, दान कुणाला, गाव कुठलं, सगळं. सोळाशे वर्षांपूर्वीच्या माणसाचं सगळं कुळ आपल्याला पाठ, आणि त्याच्याही हजार वर्षं आधी ज्यानं आपल्या घोड्याच्या कपाळाला तांब्याचा पत्रा शिवला, त्याच्याबद्दल एक अक्षर नाही. पोरासोरांना मी नेहमी सांगतो, आमच्या गावच्या तांब्यावर लिहिलेलं होतं म्हणून आम्ही राजधानी. नागपूरकडच्या तांब्यावर नुसताच पक्षी होता.

एकदम काहीच कळत नाही असंही नाही. नायकुंडला वस्तीच्या जागेत लोखंड गाळायची भट्टी निघाली, इसवी सनापूर्वी ७०० च्या सुमाराची. म्हणजे कुऱ्हाडी बाहेरून विकत आणलेल्या नव्हत्या, इथल्या लोहारानं केलेल्या होत्या. माहूरझरीला मणी घडवण्याचा मोठा धंदा होता. दगडांवरचे खळगे आणि सूर्याच्या दिशा यांचा काही मेळ लागतो का, हे काही खगोलशास्त्रज्ञांनी तपासून पाहिलं आहे, पण त्यावर एकमत झालेलं नाही. आणि गडचिरोलीत भामरागडकडे माडिया लोक आजही मेलेल्या माणसाच्या नावे दगड उभा करतात. त्यांचा या वर्तुळवाल्यांशी थेट संबंध जोडायची घाई करू नये, पण मेलेल्यासाठी सगळ्यांनी मिळून दगड ओढून आणायचा, म्हणजे नेमकं काय करायचं, हे बघायचं असेल तर ते तिथे बघता येतं.

या वर्तुळांचे घरमालक कुठे राहत, याचा पत्ता फार कमी ठिकाणी लागला आहे. मेलेल्यांची घरं शेकड्यांनी, जिवंतांची बोटांवर मोजण्याइतकी. याचं कारण मला वाटतं आपल्या पांढरीत आहे. राहण्याजोगी जागा पुढच्यांनाही राहण्याजोगीच वाटते. त्यांच्या भिंती कुणाच्या तरी धाब्यावर गेल्या असणार.

आणि आता दगडांची पाळी आहे. जुनापाणी संरक्षित आहे, बरं आहे. पण विदर्भात अशी वर्तुळं शेतांत, माळांवर, गावाच्या कडेला पुष्कळ ठिकाणी आहेत, तिथे कोण पाहणार? शेत करायचं म्हटलं की दगड बांधावर जातो. घर बांधायचं म्हटलं की जोत्यात जातो. मुरूम लागला की आयता उंचवटा समोर असतो. नागपूर तर काटोल रोडनं रोज थोडं पुढे सरकतंय. आमच्या गुराख्यानं दाखवलं, एका वर्तुळातले निम्मे दगड नव्हते. "कुठं गेले?" "गेले असन कोनाच्या घरी," असं म्हणून तो निघूनही गेला. भाऊ रागावला. म्हणाला, लोकांना अक्कल नाही, आपल्याच पूर्वजांची थडगी उकरून ओटे बांधतात.

मीही मान हलवली. आणि परतीच्या वाटेवर, कारंजा यायच्या आत, मला आबांची घोडी आठवली.

आबा म्हणजे आमचे आजोबा. त्यांच्याकडे घोडी होती. वाशीमच्या बाजारला ते तिच्यावरून जात. मी तिला पाहिलेलं नाही, मी जन्मायच्या आधीच ती गेली. पण लहानपणी ऐकलेलं, की ती मेली तेव्हा आबांनी तिला महारवाड्याकडे ओढून नेऊ दिलं नाही (त्या काळी मेलेलं जनावर ज्यांच्या माथी मारलं जायचं, त्यांचे हाल हा वेगळा विषय आहे, त्यावर कधीतरी लिहीनच). आपल्याच शेतात, नाल्याकाठी पुरली, वर नांगर फिरू नये म्हणून भोवती दगड लावले. दोन दिवस जेवले नाहीत म्हणे.

घरी आल्यावर मी मोठ्या आत्याला फोन केला. आत्या आता ८६ वर्षांची आहे, ऐकू कमी येतं, आठवण शाबूत. विचारलं, घोडीचं नाव काय होतं? "पाखरी," ती ताबडतोब म्हणाली. मग धाकट्या आत्याला लावला. ती म्हणाली, "छे, पाखरी तर गाय होती. घोडी चांदणी." पुन्हा मोठीला लावला. ती चिडली. "तिले काय ठावं? ती पाळण्यात होती तवा." काकांना काहीच आठवत नाही. वडील असते तर विचारलं असतं.

"आणि आत्या, ते दगड? नाल्याकाठचे?"

"कोनते दगड?"

"घोडीच्या भोवतीचे."

ती जरा वेळ गप्प होती. मला वाटलं फोन कटला. मग म्हणाली, "अरे, ते तर तुह्या बापानंच आनले गाडीत घालून. घराचा ओटा केला तवा. तू त्याच्यावरच बसून अभ्यास करे ना रे?"

बहात्तर सालच्या दुष्काळानंतर तो ओटा बांधला, एवढं मला आठवतं. काळे, मोठे दगड, वरून गुळगुळीत, उन्हाळ्यात रात्री गार लागायचे. त्यावर मी दहावीचा अभ्यास केला, आमच्या ताईच्या लग्नाची चूल त्याच्याच बाजूला पेटली, आणि आईला शेवटचं तिथेच टेकवलं होतं. २००४ मध्ये घर विकलं. ज्यांनी घेतलं त्यांनी पाडून सिमेंटचं बांधलं. दगड कुठे गेले ते मी विचारलं नाही.

चुलतभावाला हे अजून सांगितलेलं नाही. तो इथे वाचेलच.

भाचीला सगळं लिहून पाठवलं, फोटोंसकट. तिच्या मुलानं खळग्यांचा फोटो पाहून विचारलं, ही घोड्याला पाणी प्यायची वाटी आहे का? मी म्हटलं, असू शकेल. त्याला नागपूरच्या घोड्याचं नाव हवं आहे. ते नाही म्हटल्यावर, मग आबांच्या घोडीचं तरी सांगा म्हणाला.

तेव्हा नात्यातल्या सगळ्यांना विनंती : पाखरी की चांदणी, ज्याला कुणाला नक्की माहीत असेल त्यानं कळवावं. अकोल्याच्या मावशीकडे एक जुना फोटो होता, आबा फेटा बांधून उभे आणि मागे घोडीचं अर्धं तोंड. तो कुणाकडे असेल तर मागे काही लिहिलंय का, तेवढं पाहा.